दशांशाची वही आणि बावीस गुंठे

मुळाकाठ | रविवार, रात्री ९.५०

वडील गेले त्याला जानेवारीत वर्ष झालं. गेल्या आठवड्यात आईने लोखंडी कपाट आवरायला काढलं, तर खालच्या खणात त्यांची वही निघाली. लाल कापडी बांधणीची, लांबट, वाण्याकडे उधारीला असते तशी. पहिल्या पानावर 'दशांश, जून १९७९ पासून' एवढंच.

ज्यांना आमच्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी: दशांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाचा, व्यवहारात मंडळीचा, म्हणजे चर्चचा. आम्ही नगर-राहुरी पट्ट्यातले, अमेरिकन मिशनच्या काळापासूनचे ख्रिस्ती, माझी चौथी पिढी. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आणि मंडळीत तेवीस वर्षं पंच. सिनेमा नाही, विडी नाही, रविवारी एसटीत पाय नाही, पहाटे पाचला प्रार्थना.

वहीत रकाने आखलेत. महिना, पगार, शेती, इतर, दशांश, मंडळीत भरल्याची तारीख. एका वर्षी कांद्याच्या पट्टीसमोर, म्हणजे आडत्याकडच्या विक्रीच्या हिशेबासमोर, पेन्सिलने लिहिलंय, 'हमाली-तोलाई वजा करून दशांश काढावा की आधी? पाळकसाहेबांना विचारणे.' (पाळक म्हणजे आमचे पाद्री.) पुढच्या महिन्यात त्याखालीच शाईने, 'वजा न करणे बरे.' म्हणजे माणूस देवाच्या बाबतीत हमालीचे पैसेसुद्धा कापून घेत नव्हता. वाचताना मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

मग वही उलटी करून मागून उघडली. मागून दुसरे हिशेब आहेत. त्यात माझ्या धाकट्या चुलत्यांचं पान. चुलते मुंबईला गिरणीत होते, ८२ च्या संपात नोकरी गेली, गावी परत आले. मे १९८७ मध्ये मुलीच्या ऑपरेशनसाठी वडिलांकडून ३,२०० रुपये घेतले. महिना शेकडा दोन. मे १९८९ पर्यंत व्याज १,५३६. एकूण ४,७३६. खाली रेघ मारून, 'व्यवहार पूर्ण. २२ गुंठ्याचे खरेदीखत झाले.'

१९९० पासून पुढच्या बाजूला एक नवी नोंद दर वर्षी येते. 'बावीस गुंठ्यातला कांदा.' त्याचाही दशांश, पैशापर्यंत.

त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. चुलते २००६ ला वारले. वडील दफनाला गेले आणि कबरस्तानाच्या फाटकाशी उभे राहिले, आत आले नाहीत.

आता विचारायचंय ते हे. वडील ढोंगी नव्हते. ढोंगी असते तर सोपं झालं असतं, आपण येशूने परुश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ यहुद्यांना, सुनावलं ते वाचून मोकळे झालो असतो. या माणसाने जे जे पाळायला सांगितलं होतं ते मनापासून पाळलं, आणि तरी ते पाळणं आत कुठेतरी पोचलंच नाही. असं कसं होतं?

आणि एक कबुली. वही मिटल्यावर मी पहिली गोष्ट कोणती केली असेल? खरेदीखत शोधून काढलं आणि रजिस्टर झालंय का ते पाहिलं. झालंय. हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटून हा धागा काढतोय.

---

तर्कट | रविवार, रात्री १०.१५

देवाला वर्षाला दहा टक्के, भावाकडून वर्षाला चोवीस. देवाने दर वाढवून मागायला हवा होता.

बाकी धागा प्रामाणिक आहे, म्हणून टोमणा एवढ्यावरच आवरतो.

---

वसईची_लेक | रविवार, रात्री ११.०५

मुळाकाठ, वाचून गलबललं. आमच्याकडे आत्ता उपवासकाळ सुरू आहे, त्यामुळे विषय अगदी ताटात आलेला आहे.

आम्ही कॅथलिक. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत चाळीस दिवस. नियम तसे मोजकेच: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस उपास, वय १८ ते ५९. मांसवर्ज्य चौदाव्या वर्षापासून. पण मासळी मांसात धरत नाहीत! त्यामुळे माझ्या माहेरी उपवासकाळातल्या शुक्रवारी मटण नसायचं आणि आई बाजारातून ताजं पापलेट आणायची. भरलेलं पापलेट, तांदळाची भाकरी, वर सोलकढी. घरातल्या कुठल्याही रविवारपेक्षा शुक्रवार चांगला. संध्याकाळी तेच तोंड घेऊन क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला, चौदा स्थानं, गुडघे टेकून. नियमात कुठेही खोट नाही!

लहानपणी मला यात काही विनोदी वाटलं नाही. पहिल्यांदा नवरा हसला, तो लग्नाआधी हिंदू कोळी. म्हणाला, ‘आमच्याकडे हा उपास असता तर आम्ही रोज केला असता.’

पण म्हणून मी नियमांवर उठणार नाही. माझ्या मोठ्या दिरांनी एका वर्षी चाळीस दिवस दारू सोडली. पश्चात्ताप वगैरे काही नाही, मित्रांशी पैज. ईस्टरच्या दुपारी बाटली उघडली. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. घरात सगळे म्हणायचे, हा कसला उपास, नुसता आकडा मोजतो. पाचव्या की सहाव्या वर्षी ईस्टरची बाटली फ्रिजमागे तशीच राहिली. जून आला तेव्हा वहिनींच्या लक्षात आलं. त्यांनी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आता बारा वर्षं झाली. यात आतला बदल आधी आला की बाहेरचा नियम, मला अजून कळलेलं नाही.

---

डेट्रॉइटकर | सोमवार, पहाटे ४.३०

प्रभूची स्तुती असो. बंधू मुळाकाठ, कठोर वाटेल पण प्रेमाने सांगतो. तुमच्या वडिलांना धर्म होता, नवा जन्म नव्हता. निकदेमही परुशी होता, लोकांचा धर्मगुरू, त्यालाही येशूने हेच सांगितलं. यहेज्केल ३६ वाचा: देव दगडाचं हृदय काढून मांसाचं देतो. माणूस पाळत राहतो, हृदय दगडाचंच राहतं.

मेथडिस्ट पंथ ज्याच्यापासून सुरू झाला तो जॉन वेस्ली बघा. ऑक्सफर्डला असताना आठवड्यातून दोन उपास, तुरुंगात भेटी, सगळं वेळापत्रकावर. लोक टिंगलीने 'मेथडिस्ट' म्हणायचे. पाळक झाला, अमेरिकेत जॉर्जियाला मिशनरी म्हणून गेला आणि हरून परत आला. २४ मे १७३८ ला लंडनमध्ये आल्डर्सगेट स्ट्रीटच्या एका सभेत बायबलमधल्या रोमकरांस पत्रावरची ल्यूथरची प्रस्तावना कोणीतरी वाचत होतं, ती ऐकताना त्याच्या हृदयाला ऊब जाणवली. तोपर्यंतचं सगळं पाळणं व्यर्थ होतं. अनुभव हवा, अनुभव.

---

मुळाकाठ | सोमवार, सकाळी ७.२०

डेट्रॉइटकर, माझ्या मेलेल्या बापाच्या हृदयाची तपासणी तुम्ही सात समुद्रांपलीकडून केलीत. आभारी आहे.

(राग नाही. सकाळची चिडचिड आहे. पण असं लिहू नका.)

---

संपादक | सोमवार, सकाळी ११.००

धर्मांतराच्या राजकारणावरचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. धाग्याचा विषय तो नाही.

---

केडगाव लोकल | सोमवार, दुपारी १.४०

डेट्रॉइटकरांची घाई सोडली तरी मुद्दा अगदीच हवेतला नाही. आणि वेस्लीसाठी लंडनला जायची गरज नाही, दौंडच्या अलीकडे केडगावला उतरा.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. नंतर त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. हे त्यांना उमगलं १८९१ च्या सुमारास, पुण्यात, शारदा सदन सुरू करून दोन वर्षं झाल्यावर. म्हणजे आठ वर्षं त्या ख्रिस्ती होत्या, विद्वान होत्या, विधवांसाठी घर चालवत होत्या. कोणाच्याही मोजपट्टीने पैकीच्या पैकी. निमित्त झालं ते एका इंग्रज पाद्र्याच्या आत्मकथनाचं. हा कॉर्नवॉलचा पाद्री, १८५१ मध्ये व्यासपीठावर उभा राहून बोलता बोलता स्वतःच्याच प्रवचनाने बदलला. रमाबाईंना त्यात आपण दिसलो.

पण गंमत इथे संपत नाही. वाँटेजला असताना त्या शाकाहारी राहिल्या, अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा खात नसत. सिस्टर जेराल्डीन, ज्यांनी त्यांना आईसारखं सांभाळलं, त्यांना यात जातीचा अभिमान दिसला. ख्रिस्ती झालीस तर खा की! रमाबाईंनी पत्रात ठणकावून उत्तर दिलं. हवं तर माझ्या भातात आणि पाण्यात गर्व शोधा, पण मी काय खावं हा माझा प्रश्न आहे, असा त्याचा सूर. क्रुसावरच्या लॅटिन अक्षरांवरूनही वाद: लॅटिनमध्ये असं काय आहे जे संस्कृतात नाही?

आता यात नियमाला चिकटून कोण होतं, तुम्हीच ठरवा. अंडं न खाणारी की अंडं खाल्ल्याशिवाय मन बदललं असं न मानणारी?

---

आळंदीवाट | सोमवार, दुपारी ३.१०

मी वारकरी घरचा, त्यामुळे पाहुणा म्हणून बोलतो. रमाबाईंच्या उलट क्रम लक्ष्मीबाई टिळकांचा. नारायण वामन टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाई १९०० पर्यंत थांबल्या. मधल्या काळात ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात त्यांचं सोवळं-ओवळं चालूच, पाणी वेगळं. आणि मग एके दिवशी विचार करता करता त्यांच्या मनाने घेतलं की जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसाने केल्यात. तिथे सोवळं गळून पडलं. कोणी सांगितलं नव्हतं, कुठल्या मंडळीचा नियम नव्हता. बाप्तिस्मा त्यानंतर.

टिळक स्वतः म्हणायचे की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. १९१७ ला तर त्यांनी मिशनचा पगारही सोडला आणि 'देवाचा दरबार' काढला, बाप्तिस्मा झालेले न झालेले दोन्ही चालतील असा. तुकोबांचा पूल कशाला लागला असेल? आमच्याकडेही हेच दुखणं जुनं आहे. माळ घालतो, एकादशी धरतो, आणि भावकीत बांधावरून डोकी फोडतो. आमच्या गावात तीन कीर्तनकारांचे आपसात दावे चालू आहेत. एकाच कोर्टात. तारखेला एकाच जीपने जातात!

---

तर्कट | सोमवार, सायंकाळी ६.००

जीपचं वाचून खुर्चीवरून पडलो.

यावरून पुण्याचं पंचहौद प्रकरण आठवलं. १८९०, मिशनमध्ये व्याख्यान, नंतर चहा-बिस्किटं. चहा घेतलेल्यांची नावं छापून आली आणि ग्रामण्य (जातीबाहेर टाकायचा खटला) उभं राहिलं. लोकमान्यांनी प्रायश्चित्त घेतलं, न्यायमूर्ती रानड्यांनीही घेतलं. रानड्यांचा त्यावर काडीचा विश्वास नसणार. सुधारकांनी त्यांना त्यासाठी बोल लावले. म्हणजे आत एक, बाहेर एक, हे ढोंगानेच होतं असं नाही. कधी घरच्यांसाठी, कधी कटकट नको म्हणून. मला रानड्यांचा राग येत नाही.

मुळाकाठ, तुमच्या वडिलांचं मात्र उलटं दिसतं. आत-बाहेर एकच होतं. ‘आत’ची खोलीच फक्त अर्धी होती. भाऊ त्या अर्ध्यात बसत नव्हता.

---

जुना पाळक | सोमवार, रात्री १०.३०

मी निवृत्त आहे. एकोणतीस वर्षं नगर आणि नाशिक जिल्ह्यांत पाळकपण केलं. मुळाकाठ, तुमच्या वहीतली पेन्सिलची ओळ वाचून उठून फेऱ्या मारल्या. ते पाळकसाहेब मी नव्हतो, पण मला असे प्रश्न शेकड्याने आले आहेत. हमाली वजा करायची का? ग्रॅच्युइटीवर दशांश लागतो का? शब्बाथला पिकाला पाणी धरलं तर चालेल का, वीज रविवारीच येते. मी सगळ्यांना वचनासह उत्तरं दिली. भावाच्या जमिनीबद्दल मला कोणी विचारलं नाही, आणि मीही कोणाला विचारलं नाही. कोणाची कोणाशी बोलचाल बंद आहे हे गावात कुत्र्यालाही माहीत असतं. पाळकाला नसतं का? माहीत होतं. त्यांचीच दशांशाची पाकिटं दर महिन्याला घेत होतो आणि मंडळीच्या पावतीपुस्तकात सही करत होतो.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू काय सांगतो? अर्पण वेदीशी आणलंस, तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. बारकावा पाहा: तुझ्या मनात भावाविषयी काही आहे असं तो म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविषयी. तुमच्या वडिलांचं मन स्वच्छ असेलही. त्यांच्या बाजूने व्यवहार पूर्ण होता, रेघ मारलेली होती. भावाच्या बाजूने नव्हता. मी या भागावर निदान वीस वेळा प्रवचन केलं असेल. एकदाही एखादं पाकीट परत देऊन ‘जा, आधी भेटून ये’ म्हटलं नाही.

मार्क सातमध्ये 'कर्बान' आहे. आईबापाला द्यायचे पैसे 'हे देवाला वाहिले' म्हटलं की द्यायची जबाबदारी सरली, आणि नियमाने सरली. येशू तिथे जेवढा तापलाय तेवढा क्वचित तापतो. बावीस गुंठ्यांतल्या कांद्याचा दशांश हे कर्बानच आहे. तुम्हाला बोचेल, पण तुम्ही विचारलंत. भावाचं रान देवाच्या खात्यात थोडंथोडं जमा होत राहिलं, त्यामुळे ते भावाचं आहे हे दिसेनासं झालं. पाळण्यानेच डोळ्यांवर पट्टी बांधली. असं कसं होतं या तुमच्या प्रश्नाचं माझ्यापाशी आहे ते उत्तर एवढंच.

डेट्रॉइटकरांनी वेस्ली अर्धाच सांगितला. हृदय ऊबदार झालं १७३८ ला, आणि १७४३ ला त्याच वेस्लीने आपल्या संगतीतल्या लोकांसाठी नियम लिहून काढले. वाईट करू नका, चांगलं करा, उपासना-प्रभुभोजन-उपास पाळा, आणि प्रत्येकाखाली बारीक बारीक यादी. उधार घेऊन फेडायची शक्यता नसेल तर घेऊ नका, इथपर्यंत. बुधवार-शुक्रवारच्या उपासाचा आग्रह त्याने पुढेही ठेवला. ऊब आल्यावर वेळापत्रक फेकून दिलं असं झालं नाही. येशूनेही पुदिना-शेप-जिऱ्याच्या दशांशावरून परुश्यांना झापलं, पण शेवटी म्हणाला की हेही करायचं होतं, तेही सोडायचं नव्हतं. हे वाक्य आम्ही व्यासपीठावरून हळू आवाजात वाचतो.

आणि एक. दहा आज्ञांपैकी नऊ पंचांना तपासता येतात. मूर्ती, शब्बाथ, चोरी, खोटी साक्ष, सगळ्याला साक्षीदार मिळतो. दहावी, लोभ धरू नको, हिला साक्षीदारच नाही. प्रेषित पौल फिलिप्पैकरांना लिहितो की नियमशास्त्राच्या दृष्टीने मी निर्दोष होतो. तोच पौल रोमकरांस सातव्यात सांगतो की मी कुठे अडकलो: याच दहावीत. नऊ पाळून झाल्या की माणसाला दहावी आहे याचाच विसर पडतो. माझा पडला होता. माझ्या वाट्याच्या घराच्या एका खोलीवरून माझ्या बहिणीशी माझं आठ वर्षं वाकडं होतं. त्या आठ वर्षांतही मी दर पहिल्या रविवारी प्रभुभोजन दिलं.

---

वसईची_लेक | सोमवार, रात्री ११.१५

पाळकसाहेब, बहिणीचं पुढे काय झालं?

---

जुना पाळक | मंगळवार, सकाळी ६.१०

खोली तिला दिली. मन बदललं म्हणून दिली असं साक्षीत सांगायला छान वाटेल. खरं म्हणजे पत्नीने जेवायला वाढताना सांगितलं की यापुढे तुमच्या प्रवचनाला मी येणार नाही. खोली दिल्यावर दोनेक वर्षांनी मन बदललं.

---

डेट्रॉइटकर | मंगळवार, सकाळी ८.००

पाळकसाहेब, नम्रपणे ऐकतोय. मुळाकाठ, माझं पहिलं लिहिणं उद्धट होतं, माफ करा. तरी एक विचारतो. ‘आधी खोली द्या, मन मागून येईल’ हे म्हणजे कर्माने तारण (उद्धार) नाही का झालं? कर्माने नव्हे, विश्वासाने तारण असं सांगणारं गलतीकरांस पत्र मग कशासाठी?

---

जुना पाळक | मंगळवार, सकाळी ९.२५

प्रश्न रास्त आहे. तारण खोलीने झालं नाही, कृपेनेच. पण कृपा आमच्या घरी वाढप्याच्या हाताने आली.

जक्कय घ्या, लूक १९: श्रीमंत जकातदार, येशूला पाहायला झाडावर चढलेला. येशू त्याला काही करायला सांगत नाही. झाडावरून उतर, तुझ्या घरी उतरायचंय, बस. जेवणाखाण्यात उभा राहून तोच म्हणतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट. आता नियमशास्त्र काय मागतं? गणना पाचमध्ये, कबुली देऊन परतफेड करणाऱ्याने मुद्दल अधिक पाचवा भाग द्यायचा. वीस टक्के जास्त. चौपट केव्हा? निर्गम २२, मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं तर. म्हणजे जक्कयाने कबुलीची सवलत घेतली नाही, स्वतःला मेंढरूचोराचं कलम लावलं. मन पालटलेला माणूस नियमाबाहेर गेला नाही, नियमाचं पुस्तक उघडून त्यातलं जड पान स्वतःसाठी काढलं. तारण आज या घरी आलं असं येशू म्हणतो ते हे ऐकल्यावर.

---

तर्कट | मंगळवार, सकाळी ९.४०

मी नास्तिक, पण हे पान माझ्या मेव्हण्याला पाठवतोय.

---

केडगाव लोकल | मंगळवार, दुपारी १२.३०

पाळकसाहेबांच्या ‘मागून येईल’ला पुरवणी. १९०५ ला केडगावला रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जे संजीवन, म्हणजे धार्मिक जागृती, झालं त्याच्या गोष्टी आमच्या घरात आजीकडून आल्यात. मुली रडत, मोठमोठ्याने पापं कबूल करत, रात्र रात्र प्रार्थना. बाहेरच्यांना तेवढंच दिसलं. पण त्याच आवारात छापखाना होता, माग होते, तेलाचा घाणा होता, आणि ते सगळं चालू राहिलं. रमाबाईंनी अख्खं बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणलं, तिथल्याच बायकांनी ते खिळ्यांनी जुळवून छापलं. काम हातावेगळं करून एप्रिल १९२२ मध्ये बाई गेल्या. रडणाऱ्या मुलींना दुसऱ्या दिवशी घाण्यावर जायचं होतंच.

---

मुळाकाठ | शनिवार, रात्री ८.४५

चार दिवस गप्प होतो. काल श्रीरामपूरला काकीकडे जाऊन आलो.

आधी हिशेब करत बसलो होतो. घेतलेलं व्याज १,५३६. त्यावर पाचवा भाग धरला तर १,८४३ रुपये वीस पैसे. चौपट केलं तर ६,१४४. कॅल्क्युलेटर हातात घेतल्यावर लक्षात आलं की मी वडिलांचीच वही पुढे लिहितोय, अक्षर तेवढं वेगळं. मग बँकेतून पन्नास हजार काढले. तोही आकडाच, पण निदान कुठल्या रकान्यातला नव्हता.

काकी चुलत भावाकडे असते. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. ज्या चुलत बहिणीचं ८७ ला ऑपरेशन झालं होतं ती माहेरी आलेली होती, तिनेच चहा केला. मी वही दाखवली. काकीला वाचता येतं, पण चष्मा नव्हता, म्हणून बहिणीने वाचून दाखवली. 'व्यवहार पूर्ण' पाशी बहीण थांबली आणि काकी म्हणाली, ‘वाच की पुढं.’ पुढे काही नव्हतं.

मी पाकीट दिलं. मला वाटलं होतं नको म्हणेल, किंवा रडेल. प्रवासात मी त्यावर काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. काकीने बोट ओलं करून नोटा मोजल्या. मग परत मोजल्या. एक नोट बाजूला काढली, म्हणाली, ही कोपऱ्याला फाटलीय, बदलून दे. मी बदलून दिली.

मग म्हणाली, ‘तुझे वडील फाटकाशी उभे होते त्या दिवशी. मी पाहिलं. आत या म्हटलं असतं तर आले असते. मी नाही म्हटलं.’ आणि कप खाली ठेवून लगेच, त्याच आवाजात, ‘बरं, आन् रानाचं काय?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैसे आणताना मी रानाचा विचार केला नव्हता असं नाही. केला होता, आणि पन्नास हजारात तो मिटेल असं मनाशी धरलं होतं. पाळकसाहेब, ती तुमची दहावी आज्ञा मला पडवीत बसल्या बसल्या भेटली.

---

कोर्टकचेरी | शनिवार, रात्री ९.३०

वाचनमात्र होतो, पण आता कामाचं बोलतो. सातबाऱ्यावर वारस नोंद झाली असेल तर सध्या कोणाकोणाची नावं लागलीत ते आधी बघा. सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या लागतील. काकींचं आता त्या सर्व्हेत काही नाव नाही, त्यामुळे नुसतं हक्कसोडपत्र चालणार नाही, बक्षीसपत्र किंवा खरेदीखतच करावं लागेल. मुद्रांकाचं दुय्यम निबंधकाकडे विचारा, नवरा-बायको-मुलांना जी सवलत असते ती चुलतीला गृहीत धरू नका. बावीस गुंठेच असल्यामुळे तुकडेबंदीचं तलाठ्याकडून लेखी घ्या. आणि काकींच्या हयातीतच करा. नंतर त्यांचे वारस, तुमचे वारस, मग पुन्हा एक जीप.

---

आळंदीवाट | शनिवार, रात्री ९.५०

जीप शब्दाची पेटंट फी माझ्याकडे जमा करावी.

मुळाकाठ, फाटकी नोट बदलून मागणारी बाई मला फार आवडली.

---

मुळाकाठ | रविवार, दुपारी २.१०

सातबाऱ्यावर तीन नावं आहेत: आई, मी, माझी बहीण. काल रात्री आईला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, ‘सही कुठं करायची ते सांग, गुडघे दुखतात, एकाच खेपेत उरकू.’ म्हणजे तिला पस्तीस वर्षं माहीत होतं. मी पुढे विचारलं नाही.

बहिणीला आज उपासनेनंतर फोन केला. ती पुण्याला असते, दशांश नेमाने देते, मंडळीत रविवारची शाळा घेते. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, बाबांनी कष्टाने घेतलेलं रान आहे, विचार करून सांगते. मला तिचा राग आला, आणि पाठोपाठ आठवलं की खरेदीखत पाहून हायसं वाटलेला मीच.

---

तर्कट | रविवार, दुपारी २.३०

या साली त्या बावीस गुंठ्यात काय आहे?

---

मुळाकाठ | रविवार, दुपारी २.४५

कांदाच. उन्हाळी. एप्रिलमध्ये निघेल. पट्टी कोणाच्या नावावर करायची ते तोपर्यंत ठरवायचंय. आडत्याला आज तरी माझंच नाव माहीत आहे.